संगणकावरची नोंदवही : बोलके दोष आणि मुके दोष

हौशी रेडिओचालक, म्हणजे ज्यांना 'हॅम' म्हणतात ते, रीतसर परवाना घेऊन स्वतःच्या यंत्रावरून जगभरातील हौशींशी संपर्क साधतात. प्रत्येक संपर्काची नोंद ते ठेवतात : समोरच्याची कॉलसाइन, तारीख, वेळ, वारंवारता आणि संदेश कितपत स्पष्ट आला ते. पूर्वी हे काम वहीत होत असे. आता त्यासाठी संगणकाच्या आज्ञावल्या आहेत. लिनक्सवर चालणारी 'सीक्यूआरलॉग' ही त्यांपैकी एक. आरमोरीत एका जुन्या संगणकावर आम्ही ती बसवून पाहिली. शाळेच्या विज्ञान मंडळाला ती उपयोगी पडेल का, एवढाच प्रश्न आमच्यापुढे होता.

प्रथम गुण सांगू. ही आज्ञावली विनामूल्य आहे आणि तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते. रेडिओ केबलने जोडला की वारंवारता आपोआप नोंदली जाते. समोरच्या केंद्राचे अंतर आणि दिशा ती लगेच काढून देते. त्यासाठी हॅम मंडळींनी पृथ्वीचे चौकोन पाडले आहेत : प्रत्येक चौकोन रेखांशाचे 2 अंश रुंद आणि अक्षांशाचा 1 अंश उंच. आरमोरी 80 अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पश्चिमेला आहे, म्हणून तिचा चौकोन 'एमएल 90'. पूर्वेला कुरखेड्यापर्यंत गेलो की तो 'एनएल 00' होतो. भूगोलाच्या तासाला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आता दोष. पडद्यावर एकच खिडकी दिसते, पण तिच्याखाली थर आहेत. नोंदी साठवणारा माहितीकोश वेगळा, रेडिओशी बोलणारी 'हॅमलिब' वेगळी, केबल वेगळी, परवानग्या वेगळ्या. यांपैकी काहीही अडले तरी तक्रार वरच्या खिडकीतच उमटते आणि नेमके कुठे अडले ते नवख्याला कळत नाही.

उदाहरणार्थ, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात 'ॲपआर्मर' नावाचा पहारेकरी असतो. माहितीकोशाने ठरलेल्या जागेबाहेर लिहायचे म्हटले की तो अडवतो. नोंदी मात्र वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यात ठेवायच्या असतात. मग माहितीकोश सुरूच होत नाही. दुसरे उदाहरण केबलचे. वापरणाऱ्याचे नाव 'डायलआउट' या गटात नसेल तर केबल जोडलेली असूनही वापरता येत नाही. कधी कधी अंधांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेली सेवा त्या केबलला ब्रेल यंत्र समजून तिचा ताबा घेते.

अशा वेळी दिसेल ते बटण दाबत सुटू नये. मधोमध तपासावे. हॅमलिबसोबत 'रिगसीटीएल' नावाचे छोटे साधन येते. त्यातून रेडिओला वारंवारता विचारावी. उत्तर आले तर केबल, परवानगी आणि रेडिओ ठीक आहेत. दोष त्यांच्या वर आहे. उत्तर नाही आले तर दोष खाली आहे. एका प्रश्नात निम्मे संशयित सुटतात. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. प्रयोगशाळेत आपण हेच शिकवतो.

परंतु हे सारे दोष बोलके आहेत. काम थांबते, म्हणून आपण शोधतो. आमची खरी तक्रार मुक्या दोषाबद्दल आहे. तो दोष घड्याळाचा.

हॅमची नोंद जागतिक प्रमाण वेळेत असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज जाताच घड्याळ विसरते. इंटरनेट नसेल तर कोणीतरी भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ लावतो. संगणकाचा विभाग 'जागतिक वेळ' असाच राहिला असेल तर पडद्यावरची वेळ बरोबर दिसते आणि नोंदीतली प्रत्येक वेळ साडेपाच तासांनी चुकते. 10 तारखेच्या पहाटे 4 चा संपर्क 9 तारखेच्या 22.30 ला नोंदला जायला हवा. तो 10 तारखेच्या 4.00 ला नोंदला जातो. तारीखही चुकली!

गंमत अशी, की 'एफटी 8' या संगणकी संदेशपद्धतीला बिनचूक घड्याळ लागते, तरी तीही ही चूक पकडत नाही. तिचे आवर्तन 15 सेकंदांचे. साडेपाच तास म्हणजे 19,800 सेकंद, आणि त्याला 15 ने पूर्ण भाग जातो. सेकंद जुळले की संदेश बिनबोभाट येतात. चूक उघड होते ती पुढे, 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड'मध्ये दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडताना. तिथे वेळेत 30 मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. साडेपाच तासांचा कसा चालेल? तोवर मुलांच्या महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी संशयास्पद झालेल्या असतात. किती नोंदी कोणत्या दिवसापासून चुकल्या, हे कोण सांगणार?

आमचे मत असे : नववीच्या पुढील विद्यार्थ्यांसाठी, शिक्षक सोबत असतील तर, ही आज्ञावली जरूर वापरावी. मात्र तीन पथ्ये पाळावीत. दर बैठकीच्या आरंभी एका विद्यार्थ्याने मोबाइलवरील वेळेतून साडेपाच तास वजा करून नोंदीतील वेळेशी ताडावे. दर आठवड्याला 'एडीआयएफ' स्वरूपात प्रत काढावी. ती साध्या अक्षरांची असल्याने दुसऱ्या आज्ञावलीतही उघडते. आणि शेजारी कागदी वही ठेवावी. तिच्यात वेळ लिहिताना मुलाला घड्याळाकडे पाहावे लागते. संगणक ती आपोआप भरतो, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.