आठवण आणि कादंबरी : दोन वाचकांचा एक वाद

कादंबरी वाचून संपल्यावर 'हे काही खरे वाटत नाही' असा शेरा आपण निःशंकपणे मारतो. आत्मकथन वाचून संपल्यावर हे स्वातंत्र्य आपल्याकडे उरत नाही, कारण जे घडले आहे ते खरे वाटत नाही असे म्हणणे म्हणजे लेखकाला खोटे ठरवणे होय, आणि एवढे धाडस सभ्य वाचकास सहसा होत नाही. मग तो 'प्रामाणिक' हा शब्द वापरतो आणि परीक्षणाचे काम संपले असे समजतो. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतील मराठी आत्मकथनांवरील लेखन चाळले असता हा शब्द किती वेळा व किती सैलपणे वापरला गेला आहे ते ध्यानात येईल. कादंबरीला कलेची कसोटी आणि आत्मकथनाला चारित्र्याचा दाखला, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे. ह्या वाटणीने दोन्ही प्रकारांवर अन्याय होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे मत एकांतात बनलेले नाही. इंदूरला राहणाऱ्या, वयाने मला वडील असलेल्या एका वाचक-स्नेह्यांशी गेली दोन वर्षे माझा ह्या विषयावर पत्रव्यवहार चालू आहे. मी त्यांना ताई म्हणतो; त्या मला 'तुम्ही' म्हणतात आणि न पटलेल्या वाक्याखाली दोन रेघा ओढून माझे पत्र मलाच परत पाठवतात. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे आत्मकथन हाती घेतले की त्या प्रथम 'कोण सांगतो, कुणाला सांगतो आणि केव्हा सांगतो' असे विचारतात. साहित्याच्या अभ्यासकांनी हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकांवर सोपवून दिला, हे आपले दुर्दैव म्हटले पाहिजे.

वादाला आरंभ झाला तो 'बनगरवाडी'वरून. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. धनगरांच्या एका वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर ती सांगतो. ओस पडलेली शाळा, कारभारी, मेंढरे, मोठ्या खटपटीने उभारलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने उठून गेलेली वाडी एवढाच तिचा विस्तार आहे. ताईंनी लिहिले : "मी ती प्रथम वाचली ती मास्तरच्या आठवणी म्हणून. पुढे कुणी सांगितले की ही कादंबरी आहे. माझे काही गेले नाही, काही मिळालेही नाही. मग तुमचे हे प्रकार हवेत तरी कशाला ?"

प्रश्न बिनतोड वाटला तरी त्याचे उत्तर त्याच पुस्तकात आहे. 'बनगरवाडी'तील मास्तर स्वतःविषयी फार थोडे बोलतो. वाडीत येताना तो जेवढा अजाण आहे, तेवढाच अजाण राहून तो आपल्याला एकेक माणूस दाखवतो. पुढे काय होणार हे सांगणाऱ्याला ठाऊक असूनही तो ते बोलण्यात उमटू देत नाही. हा संयम रचनेचा आहे. आठवणी सांगणारा माणूस सहसा असे करू शकत नाही. त्याला घडून गेलेल्याचे शहाणपण आवरत नाही. दोन प्रकारांतील खरा भेद घटना घडली की रचली ह्यात शोधून सापडणार नाही. तेव्हाचा 'मी' आणि आताचा 'मी' ह्यांच्यात लेखकाने किती अंतर राखले आहे व त्या अंतराचे त्याने काय केले आहे, ह्यात तो सापडतो. कादंबरीकाराला हे अंतर निर्माण करावे लागते, तर आत्मकथनकाराला ते आयते मिळते. आणि आयते मिळाल्यामुळेच तो ते बहुधा वाया घालवतो.

वाया न घालवणाऱ्यांत पहिले नाव लक्ष्मीबाई टिळकांचे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' आजही ताजी वाटतात. ह्याचे श्रेय त्यांच्या भाषेच्या साधेपणाला देण्याचा प्रघात आहे. तो मला अपुरा वाटतो. साधी भाषा पुष्कळांची असते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा संतापलेली आणि खचलेली जी बाई त्यांच्यापासून दूर राहिली, तिच्याकडे १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतलेली व आता वृद्ध झालेली लक्ष्मीबाई पाहते आहे. तिला ती बाई मूर्ख वाटत नाही, पण ती तिची बाजूही घेत नाही. सोवळ्याओवळ्याचा पीळ आपल्याच अंगातून कसा सुटत गेला, हे ती हसत सांगते, आणि ते हसू तेव्हाच्या लक्ष्मीला दुखवीत नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने गांजलेले बालपण सांगतानाही तिने वडिलांवर खटला भरलेला नाही. ह्या पुस्तकाबद्दल ताईंचे व माझे एकमत आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. एकमतातून समीक्षा फारशी निपजत नाही.

मतभेद झाले ते 'झोंबी'वर. आनंद यादवांच्या ह्या १९८७ सालच्या पुस्तकाला कुणी आत्मचरित्र म्हणतात, कुणी आत्मचरित्रात्मक कादंबरी. १९९० मध्ये त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला, आणि 'जूझ' ह्या नावाने त्याचा एक अंश हिंदी पाठ्यपुस्तकातून देशभरच्या मुलांपर्यंत गेला. कागलच्या एका कुळवाड्याच्या मुलाला शिकायचे आहे आणि बापाला तो शेतावर हवा आहे. ताईंनी ह्याच्या शेजारी श्री. ना. पेंडशांचे 'रथचक्र' (१९६२) ठेवले आणि विचारले, दोन्हीकडे शिक्षणासाठीच झगडा आहे ना ? 'रथचक्रा'त नवरा घर सोडून गेलेली थोरली सून एकत्र कुटुंबाच्या जाचातून मुलांना बाहेर काढून शिकवू पाहते. ताईंचे म्हणणे असे की पेंडशांची थोरली त्यांना रात्री झोपू देत नाही, आणि यादवांचा आनंदा मात्र त्यांना आधीच उत्तीर्ण झालेला दिसतो. "पुस्तकाच्या वेष्टनावरच त्याचा निकाल छापला आहे," असे त्यांनी लिहिले. "लेखक प्राध्यापक झाला हे मला माहीत आहे. मग मी घाबरायचे कशाला ?"

आक्षेप मार्मिक आहे, आणि आत्मकथन ह्या साऱ्या प्रकारालाच तो भिडतो. लिहिणारा वाचला, शिकला, लेखक झाला, हे पहिल्या पानाआधीच ठरलेले असते. थोरलीचे काय होणार हे मात्र पेंडशांच्या वाचकाला ठाऊक नसते. पण म्हणून 'झोंबी'तील ताण संपतो असे मला वाटत नाही. तो दुसरीकडे सरकतो. मूल शिकणार की नाही ही उत्सुकता तेथे गौण होते, आणि शिकण्यासाठी त्याला काय काय करावे लागले हे मुख्य होते. आई आणि मुलगा रात्री दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात, बापाची गाऱ्हाणी घालतात, आपण आलो होतो हे त्याला कळू देऊ नका अशी गळ घालतात, आणि मग बापाला वाड्यावर बोलावून घेण्याचा डाव रचला जातो. मायलेकरांचे हे कारस्थान यादवांनी झाकलेले नाही. बापाचे वागणेही केवळ दुष्टपणाचे नाही : त्याला गुऱ्हाळ सर्वांच्या आधी लावायचे असते, कारण बाजारात पहिल्याने आलेल्या गुळाला भाव चढा मिळतो. ह्या हिशेबात एक हक्काचा मजूर शाळेत पाठवणे त्याला परवडणारे नाही. शिवाय पोराला शेतावर जुंपले की स्वतःला गावात मोकळे हिंडता येते. स्वार्थ आणि अडचण ह्यांची अशी सरमिसळ कादंबरीकाराला बहुधा सुचली असती, पण तिच्यातून एखादे 'पात्र' घडवण्याचा मोह त्याला आवरला नसता. यादवांनी ती सरमिसळ तशीच ठेवली. ताईंना हे पटले असे नाही. माझे ह्या मुद्द्यावरचे पत्र दोन रेघा होऊन परत आले.

आता 'कोसला'. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ ची. पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावाहून पुण्यास शिकायला जातो व काही न होता परततो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे उदाहरण उलट टोकाचे आहे. आत्मकथनाचे सर्व अवयव ह्या कादंबरीने उसने घेतले आहेत : प्रथमपुरुष, रोजनिशी, वसतिगृहाच्या क्षुल्लक हकिगती, बापाशी भांडण. पण आत्मकथनाला जे टाळता येत नाही ते यश तिने टाळले. येथे सांगणारा कुठेही पोहोचलेला नाही. त्यामुळे धाकट्या मनीच्या मृत्यूचे प्रकरण येते तेव्हा सगळ्या जगाची टवाळी करणारा तो आवाज एकाएकी उघडा पडतो, आणि आधार म्हणून त्याच्यामागे कुणी प्रौढ, स्थिरावलेला 'मी' उभा नसतो. ताई म्हणतात ते भय येथे खरोखर आहे.

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) ह्याच्या शेजारी ठेवून वाचावे, अशी विनंती मी ताईंना केली होती. त्या पुस्तकाला दस्तऐवज म्हणून फार गौरवण्यात आले. गौरव करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, परंतु दस्तऐवजाला रचना नसते, आणि 'बलुतं'ला ती आहे. दगडू मारुती पवार हा माणूस दया पवार ह्या लेखकाला आपली कहाणी सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. दोघे एकच आहेत हे वाचकाला ठाऊक आहे, आणि तरीही ते दोन आहेत. एक कावाखान्यातला, महारवाड्यातला. दुसरा शिकलेला, नोकरीतला, पांढरपेशांत वावरणारा. तेव्हाचा 'मी' व आताचा 'मी' ह्यांच्यातले अंतर इतक्या उघडपणे समोरासमोर बसवणारे दुसरे मराठी आत्मकथन मला आठवत नाही. सईविषयीचा संशय आणि त्याने मोडलेला संसार दगडू सांगतो, तेव्हा तो स्वतःला माफ करीत नाही. ऐकणारा दयाही त्याला माफ करू शकत नाही, कारण तो न्यायाधीश नाही, त्याच देहाचा भागीदार आहे. 'प्रामाणिक' हा शब्द ह्या प्रसंगाला पुरत नाही. प्रामाणिकपणे कबुली देणारे पुष्कळ असतात; कबुली ऐकण्यासाठी स्वतःतून दुसरा माणूस निर्माण करणारे थोडे.

ताईंना ही मांडणी पटली. त्यांनी लगोलग तीच कसोटी सुनीता देशपांड्यांच्या 'आहे मनोहर तरी' (१९९०) ह्या पुस्तकाला लावली व ते नापास केले. त्यांच्या मते सुनीताबाई सर्वांचा हिशेब करतात, पण हिशेब करणारी बाई जागची हलत नाही. मला हे कठोर वाटते. पु. ल. देशपांडे हयात असताना त्यांच्या पत्नीने लिहिलेले पुस्तक लोकांनी त्यांच्या घराची खिडकी म्हणून वाचले, हा दोष लेखिकेचा नव्हे. त्या पुस्तकात काळाचा क्रम नाही. आठवण येईल तशी येते आणि प्रत्येक वेळी स्वतःशी नव्याने भांडते. तेथे दोन 'मी' समोरासमोर बसत नाहीत, ते एकमेकींचे वाक्य तोडतात. कसोटी कुठल्याही पुस्तकाला लावावी, मात्र तिने 'बलुतं'चाच आकार सर्वत्र शोधू नये.

आमचा सर्वांत मोठा मतभेद बेबी कांबळे ह्यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) वरचा आहे आणि तो मिटलेला नाही. नावातच 'आमुचं' आहे. वीरगावच्या महारवाड्यातले सण, उपास, पोतराज, उपासमार, नव्या सुनांचा सासवांनी केलेला छळ, हे सारे 'आम्ही' म्हणून सांगितले जाते. ताईंनी लिहिले : "अंतर ठेवायला आधी 'मी' लागतो. तो ज्यांना कधी मिळालाच नाही, त्यांना तुम्ही अंतर कुठून मागता ?" माझे म्हणणे असे, की अंतर येथेही आहे. बाबासाहेबांच्या उपदेशाने जागी झालेली लेखिका जुन्या महारवाड्याच्या अंधश्रद्धेकडे पाहताना शब्दांची धार बोथट करीत नाही. तेव्हाचे 'आम्ही' आणि आताचे 'आम्ही' असे हे दोन समूह आहेत. ताई उत्तरतात की ते अंतर चळवळीचे आहे, लेखिकेचे नव्हे, आणि लेखिकेच्या खाती ते जमा करणे म्हणजे पुन्हा आपल्याच मापाचा अंगरखा तिला चढवणे आहे. चळवळीने दिलेली दृष्टी लेखिकेची स्वतःची होऊ शकत नाही, हे मात्र मला मान्य नाही. मग लक्ष्मीबाईंची दृष्टीही धर्मांतराचीच ठरेल.

ह्यावर ताईंनी ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) पुढे केले आहे. बांबूची आयदाने विणणारी आई आणि लिहिणारी लेक त्यात एकत्र येतात, म्हणून 'मी' व 'आम्ही' ह्यांचा निवाडा त्याच पुस्तकात होईल असे त्यांना वाटते. माझी प्रत टपालाने इंदूरला गेली आहे. समासातल्या माझ्या खुणा आधी खोडून पाठवाव्यात अशी त्यांची अट होती. ती मी पाळली आहे.