इंत्रुजचे अंगण आणि मोमोची मिरवणूक

वसंताची चाहूल लागली की आपल्या धर्मग्रामांतून सहलींचे बेत सुरू होतात आणि त्यांत पणजीच्या कार्निव्हलचे नाव अनेकदा निघते. ‘आपल्या लोकांचा सण’ म्हणून कुटुंबे मुलाबाळांसह गोव्याला जातात, मांडवीच्या काठी गर्दीत उभी राहतात आणि चित्ररथ पाहून परततात. करमणूक म्हणून यात गैर काही नाही. परंतु जी गोष्ट आपण आपल्या संस्कृतीचे दर्शन म्हणून मुलांपुढे ठेवतो, तिची पारख करणे अगत्याचे आहे. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो : पणजीची मिरवणूक प्रेक्षणीय आहे, पण ज्या सणाचे नाव ती मिरवते, तो सण तिच्यात फारसा उरलेला नाही.

या सणाचे कोकणी नाव इंत्रुज. पोर्तुगीज ‘एंत्रुदु’वरून ते आले आणि त्याच्या मुळाशी ‘प्रवेश’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. हा प्रवेश प्रायश्चित्तकाळाचा. ‘कार्निव्हल’ या शब्दाचे मूळही मांसाहार दूर सारण्याशी जोडले जाते. म्हणजे दोन्ही नावांचे तोंड राखेच्या बुधवाराकडे आहे. शनिवार ते मंगळवार हे चार दिवस हसायचे, कारण बुधवारी कपाळाला राख लागणार आहे. उपदेशकाच्या ग्रंथाने हसण्यालाही त्याचा समय नेमून दिला आहे; आपल्या पूर्वजांनी तो समय दिनदर्शिकेत नेमका कोठे पडतो ते दाखवून दिले.

गावच्या इंत्रुजात पाहणारा आणि पाहिला जाणारा असा भेद नव्हता. रंगीत पाणी आणि पिठाच्या पुड्या एकमेकांवर पडत आणि त्यांतून कोणी सुटत नसे. साष्टीच्या गावांत ‘खेळ’ करणारी मंडळी वाजंत्री घेऊन गावोगाव फिरत, मोकळ्या जागेत जमिनीवरच नाट्य उभे करीत; संवाद बरेचसे गाण्यातून चालत. चालीरीतींची आणि प्रसंगी मोठ्या माणसांचीही त्यात थट्टा होई. चांदर गावचे ख्रिस्ती बांधव याच दिवसांत हाती मुसळे घेऊन मुसळ खेळ नाचतात. चांदर म्हणजे कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर. परंपरा या नृत्याचा संबंध विजयनगरच्या विजयाशी जोडते. धर्मांतरानंतरही गावाची आठवण पुसली गेली नाही, ती या नाचाच्या तालात राहिली. इंत्रुज ही केवळ पोर्तुगीजांची देणगी नव्हे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

पणजीची आजची मिरवणूक मात्र १९६५ सालची. गोवा मुक्त झाल्यानंतर तिमोतेओ फर्नांडिस यांनी रिओच्या धर्तीवर ती उभी केली. तिच्या अग्रभागी असणारा मोमो राजा हा मूळचा ग्रीकांचा मोमुस, म्हणजे उपहासाचा देव. सत्ताधाऱ्यांची टर उडवणे हे त्याचे काम. आज त्याच्या निवडीमागे आणि एकूण सोहळ्यामागे शासनयंत्रणा उभी असते आणि मिरवणुकीत जाहिरातदारांचे चित्ररथ चालतात. उपहासाचा राजा खाण्यापिण्याची आज्ञा तेवढी देतो. उपहास करण्याचे त्याला कारण उरत नाही.

या मिरवणुकीत चांगले काही नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गावच्या मंडळांनी सिद्ध केलेले पारंपरिक चित्ररथ, पोदेर, रेंदेर, रापणकार यांचे व्यवसाय दाखवणारे देखावे, मोठ्या कष्टाने आणि प्रेमाने उभे केलेले असतात. शहरातील मुलाला माडावरून सूर काढणारा रेंदेर कदाचित तेथेच प्रथम दिसेल. पण तो दिसतो कोठे? ट्रकवर, बनावट माडाखाली, ध्वनिवर्धकाच्या आवाजात, परीक्षकांसमोर. गुण देण्यासाठी तो मांडलेला आहे. शिवाय पणजीनंतर मडगाव, वास्को, म्हापसा असा मिरवणुकींचा क्रम असल्यामुळे गावची मंडळी सणाचे दिवस एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यात घालवतात. ज्या अंगणात इंत्रुज व्हायचा, ते अंगण रिकामे राहते. कला म्हणून मिरवणुकीचा हा दोष आम्हांस तोकड्या कपड्यांहून आणि मद्याहून गंभीर वाटतो. धर्मगुरूंनी व्यासपीठावरून निषेध करावा तो एवढ्यापुरताच असेल, तर मूळ दुखणे तसेच राहते.

उपाय काय, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे, आणि तेही मुंबईत घडलेले. पूर्वीच्या खेळांत शिरलेला ग्राम्यपणा काही गोवेकरांना रुचत नव्हता. त्यांनी खेळावर बंदी मागितली नाही. अधिक चांगले नाटक रचले. १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुकाझिन्यो रिबेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इटालियन भुरगो’ हा पहिला कोकणी तियात्र मुंबईत सादर केला. त्या सहकाऱ्यांपैकी जुआंव आगुस्तीन फर्नांडिस यांनी पुढे ‘भाटकारा’ लिहून जमीनदारीचा प्रश्नच रंगमंचावर आणला. १९०४ साली त्यात त्यांच्या पत्नी रेजिना फर्नांडिस उभ्या राहिल्या आणि तियात्रातील पहिल्या स्त्री कलाकार ठरल्या. घरापासून दूर, पोटासाठी आलेल्या माणसांनी हे केले. सहन न होणाऱ्या करमणुकीला त्यांनी दिलेले उत्तर निर्मितीचे होते.

म्हणून गोव्याची सहल रद्द करा असे आमचे सांगणे नाही. तिची जागा बदलून पाहावी. कार्निव्हलला जायचे तर मुलांना साष्टीतील एखादा खेळ दाखवावा, चांदरला न्यावे. प्रायश्चित्तकाळातील पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा येथे संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन तृतीय संघाची ही परंपरा आहे. तेथे मूर्ती माणसांच्या खांद्यांवरून जातात आणि इतर धर्मांचे लोकही श्रद्धेने येतात. खांदा देणारा मनुष्य प्रेक्षक राहत नाही. मोमोची मिरवणूक पाहिलेल्या मुलाला हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आणि सहलीहून परतल्यावर आपल्या धर्मग्रामाच्या अंगणाकडे पाहावे. राखेच्या बुधवारापूर्वीच्या रविवारी तेथे तरुणांनी एक लहानसे प्रहसन बसवावे. त्यात पंचांची, शिक्षकांची आणि धर्मगुरूचीही थट्टा अवश्य असावी. पहिल्या रांगेत बसून ती ऐकण्याची आमची तयारी आहे.