नैर्ऋत्येकडील वाऱ्यास : प्रतिमा आणि भाव

आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत (कृष्णाजी केशव दामले, १८६६–१९०५) यांची एक निसर्गकविता. केशवसुतांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे झाला. पुढे शिक्षण व नोकरी यांनिमित्त पुणे, मुंबई, खानदेश, धारवाड अशा ठिकाणी त्यांना राहावे लागले. घरापासून दूर असलेल्या कवीने कोकणाकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून ही कविता रचली असून गाव व आईवडील यांची ओढ हा तिचा मुख्य भाव आहे.

वाऱ्याला केलेल्या संबोधनामुळे शेलीच्या ‘ओड टू द वेस्ट विंड’ (१८२०) या कवितेचे स्मरण होते. तथापि संबोधन सारखे असले, तरी भाव भिन्न आहे. शेलीचा वारा वाळली पाने उधळणारा व बीजे वाहून नेणारा आहे. त्याचे सामर्थ्य आपल्या शब्दांना लाभावे, अशी त्या कवीची आकांक्षा आहे. केशवसुतांना वाऱ्याकडून सामर्थ्य नव्हे, तर सान्निध्य हवे आहे.

हा भेद दिशावाचक शब्दातूनच सूचित होतो. नैर्ऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून प्रथम कोकणावर येतो आणि सह्याद्री ओलांडून देशावर पोहोचतो. रत्नागिरीस वर्षाकाठी सु. ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पुण्यास सु. ७०० मिमी. घाट चढताना वारा आपले बरेचसे पाणी कोकणातच ठेवून येतो. हा भूगोल ध्यानी घेतला, म्हणजे प्रतिमेचे मर्म कळते : जो वारा आता कवीच्या अंगाला लागतो, तो आधी त्याच्या गावावरून वाहिलेला असतो. म्हणून येथे वारा हा आठवणीचा अलंकार नसून घराचा प्रत्यक्ष स्पर्श आहे.

निसर्गाला दूत मानण्याचा संकेत जुना आहे. मेघदूतात रामगिरीवरील यक्ष मेघाबरोबर अलकेला निरोप धाडतो. केशवसुतांच्या कवितेत दिशा उलटते. येथे दूत घराकडून येतो. विरहाचा विषयही प्रेयसी नसून जन्मभूमी व मातापिता हा आहे. व्यक्तिगत जिव्हाळ्याला असे स्थान देणे, हा त्या काळच्या मराठी कवितेतील नवा विशेष होय.

केशवसुत भाव पुष्कळदा उघड विधानांनी मांडतात; बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत दिसणारा संयम त्यांच्या निसर्गकवितेत क्वचितच आढळतो. असे असूनही वाऱ्याची निवड इतकी अचूक आहे, की तिच्यामुळे विधानांनाही अनुभवाचा आधार मिळतो. अशी कविता वाचताना ‘वारा म्हणजे आठवण’ असे समीकरण मांडून थांबणे अपुरे ठरते. हाच वारा का आणि तो कोठून आला, हे विचारले म्हणजे भावाचा उलगडा होतो.