रोहित शर्मा : दुखापती आणि कर्तृत्व

रोहित शर्मानें ७ मे २०२५ रोजीं कसोटी क्रिकेटमधून निवृत्ति जाहीर केली, आणि तेव्हांपासून आमच्या विठ्ठलवाडीच्या बाजूस त्याच्या कर्तृत्वाचा हिशेब दोन परींनीं मांडला जातो. दुखापती आड आल्या नसत्या तर हा गडी कोठच्या कोठें गेला असता, असा एक पक्ष. आळसापायीं त्यानें उपजत देणगी वायां घालविली, असा दुसरा. वाद घरोघरीं रंगतो याचें कारण उघड आहे. विठ्ठलवाडीहून गाडींत बसलें कीं कल्याण आणि ठाकुर्ली मागें टाकून जी डोंबिवली लागते, तेथें त्याच्या आईवडिलांचें एका खोलीचें बिऱ्हाड होतें. तो स्वतः बोरिवलीस आजीआजोबा व काका यांच्याकडे वाढला आणि सुटीच्या वारीं तेवढा डोंबिवलीस येई. प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या खटपटीनें त्याला शाळेंत शिष्यवृत्ति मिळाली, हेंही सर्वश्रुत आहे. अशा मुलाविषयीं ममत्व वाटावें, आणि ममत्व दुखावलें म्हणजे रागही यावा, हें स्वाभाविकच आहे. परंतु आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणीं चुकतात: जें घडलें तें बाजूस सारून, जें घडलें नाहीं त्याचेंच मोजमाप ते घेत बसतात.

प्रथम त्याच्या फटक्याचें स्वरूप पाहूं. जोरकस फलंदाज म्हटला कीं दंड आणि आवेश हीं डोळ्यांपुढें येतात. रोहितच्या फटक्यांत आवेश दिसतच नाहीं. आखूड टप्प्याचा वेगवान चेंडू छातीपर्यंत उसळतो, आणि हा त्याचा टप्पा क्षणभर आधीं ओळखून, कमरेच्या एका वळणानें तो प्रेक्षकांत धाडून देतो. १३ नोव्हेंबर २०१४ रोजीं ईडन गार्डनवर श्रीलंकेविरुद्ध त्यानें १७३ चेंडूंत २६४ धावा काढल्या. त्यांत ३३ चौकार आणि ९ षट्कार होते. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांत एवढी मोठी खेळी तोंवर कोणींच केलेली नव्हती. पुढें ३० नोव्हेंबर २०२५ रोजीं रांचीस त्यानें शाहीद आफ्रिदीचा ३५१ षट्कारांचा विक्रमही मागें टाकला. एवढें कर्तृत्व ज्याच्या नांवावर आहे त्याला आळशी म्हणणें ही रसिकतेंतील उणीव होय. गवयाची तान सहज वाटली म्हणून त्यानें मेहनत केली नाहीं, असें आपण कधीं म्हणतों काय?

आतां दुखापतींकडे वळूं. नागपूर ही रोहितची जन्मभूमि. तेथेंच ६ फेब्रुवारी २०१० रोजीं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याचें कसोटी पदार्पण व्हावयाचें होतें. परंतु सामन्याच्या सकाळींच सरावांत घोटा दुखावला आणि त्याच्या जागीं वृद्धिमान साहा खेळला. ती संधि पुन्हा येण्यास ६ नोव्हेंबर २०१३ उजाडावें लागलें. मध्यें बरोबर तीन वर्षें नऊ महिने गेले. २९ ऑक्टोबर २०१६ रोजीं विशाखापट्टण येथें न्यूझीलंडविरुद्ध ७० धावांची खेळी करतांना मांडी दुखावली, लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तो कित्येक महिने मैदानाबाहेर राहिला. फेब्रुवारी २०२० मध्यें न्यूझीलंडच्या दौऱ्यावर पोटरीनें दगा दिला. त्याच वर्षाअखेर मांडीच्या स्नायूमुळें ऑस्ट्रेलियांतील पहिले दोन कसोटी सामने हुकले, आणि डिसेंबर २०२१ मध्यें मांडीनेंच दक्षिण आफ्रिकेंतील सबंध कसोटी मालिका नेली.

यादी लांब आहे, हें खरें; पण तिच्या आड सर्व अपयश लपवितां येणार नाहीं. २०१३ सालीं पहिल्या कसोटींत १७७ आणि दुसऱ्या कसोटींत नाबाद १११ धावा करणाऱ्या या फलंदाजाची कसोटी संघांतील जागा पुढें सहा वर्षें डळमळीत राहिली. ६ डिसेंबर २०१८ रोजीं ॲडलेडला त्यानें लायनला षट्कार मारून ३७ धावा गांठल्या, आणि लगेच पुढच्याच चेंडूवर तोच मोह धरून तो झेल देऊन परतला. २०२४–२५ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत पांच डावांत मिळून त्याच्या धावा झाल्या अवघ्या ३१. हीं माणसाचीं स्वतःचीं अपयशें आहेत आणि तीं त्याच्या नांवावर लिहिलींच पाहिजेत.

मग गेलेल्या वर्षांचें करावें काय? याच मुंबईचे विजय मर्चंट १९३३ पासून १९५१ पर्यंतच्या काळांत कसोटी सामने खेळले अवघे दहा. महायुद्धानें कांहीं वर्षें नेलीं, प्रकृतीनें ऑस्ट्रेलियाचा दौरा नेला. शेवटच्या सामन्यांत, दिल्लीस, त्यांनीं १५४ धावा केल्या आणि त्याच सामन्यांत खांदा दुखावून ते कायमचे थांबले. त्याच १९५१ सालीं अमेरिकेंत बेसबॉलचा तरुण खेळाडू मिकी मँटल याचा पाय मैदानांतील मोरीच्या झांकणावर अडखळून उजवा गुडघा निकामी झाल्यासारखा झाला. तरीही १९६८ पर्यंत खेळत राहून त्यानें ५३६ वेळां चेंडू टोलवून होमरनची पूर्ण धाव घेतली. मर्चंट यांची सरासरी ४७.७२ आहे, आणि मँटलच्या नांवावर ५३६ आहेत. यापलीकडे एकही धाव दयेनें लिहितां येत नाहीं, आणि तशी ती लिहावी अशी या थोर खेळाडूंची गरजही नाहीं.

रोहितच्या बाबतींत आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या कसोटी फलंदाजीचा खरा बहर दुखापतींच्या आधींचा नाहीं, त्यांच्या मधला आणि नंतरचा आहे. ज्या विशाखापट्टणास मांडी गेली, तेथेंच ऑक्टोबर २०१९ मध्यें तो कसोटींत प्रथमच सलामीस आला आणि १७६ व १२७ धावा करून गेला. त्या एका सामन्यांत त्याचे १३ षट्कार झाले. सप्टेंबर २०२१ मध्यें लंडनच्या ओव्हल मैदानावर याच माणसानें २५६ चेंडू खेळून १२७ धावा केल्या. भारताबाहेरचें तें त्याचें पहिलें कसोटी शतक. चेंडूमागून चेंडू सोडून देत त्यानें तें उभारलें, आणि शंभरी मात्र गांठली ती षट्कारानें! ७ डिसेंबर २०२२ रोजीं ढाक्यास क्षेत्ररक्षण करतांना अंगठा दुखावला असतांही तो नवव्या क्रमांकावर आला आणि २८ चेंडूंत नाबाद ५१ धावा करून गेला. सामना पांच धावांनीं गेलाच. ओव्हलला शक्ति राखून ठेवावयाची होती, ढाक्यास ती होती तेवढी उधळावयाची होती. दोन्ही ठिकाणीं त्याची पारख बिनचूक ठरली. ॲडलेडच्या फलंदाजाला जें उमगलें नव्हतें तें हेंच.

दुखापतींनीं त्याला शहाणें केलें, असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों. वेदना सर्वांच्या वाट्यास येते, शहाणपण थोड्यांच्या. एवढें मात्र खात्रीनें म्हणतां येईल कीं, निरोगी रोहितचें जें काल्पनिक चित्र त्याचे चाहते रंगवितात, त्याहून हा खराखुरा रोहित अधिक पाहण्याजोगा आहे.

६७ कसोटी, ४३०१ धावा, १२ शतकें, ८८ षट्कार. त्या बारांपैकीं एक १० फेब्रुवारी २०२३ रोजीं नागपुरास ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालें. कर्णधार म्हणून १२० धावा, आणि त्याही ज्या मैदानावर तेरा वर्षांपूर्वीं पदार्पण हुकलें त्याच मैदानावर. आजारपणांत मुलाचें वर्ष फुकट गेलें म्हणून हळहळणारीं घरें आमच्या भागांत थोडीं नाहींत. त्यांनीं गेलेल्या वर्षाची आंकडेमोड सोडून, मूल पुन्हा उभें राहिल्यावर काय करतें इकडे लक्ष द्यावें. रोहित शर्माची कसोटीही याच मापानें व्हावी. त्या मापानें तो थोर फलंदाज ठरतो, निर्दोष मात्र नव्हे.