बाळासाहेब भारदे: ‘निःपक्षपाती’ म्हणण्याआधी

नगर जिल्ह्याच्या राजकारणावर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेक जण थेट साखर कारखान्यांकडे वळतात. शेवगावच्या बाळासाहेब भारदे यांच्याकडे फारसं कुणी जात नाही. 1962 ते 1972 अशी सलग दहा वर्षं ते विधानसभेचे अध्यक्ष होते. राज्यात एवढा काळ त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं नाही. (सभापती विधान परिषदेचे. संशोधन प्रस्तावात ही गल्लत करू नका.)

गांधीवादी, कीर्तनकार, हजरजबाबी, निःपक्षपाती असे शब्द त्यांच्याविषयी हमखास येतात. ते खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. पण यातला शेवटचा शब्द नुसत्या आठवणींवरून सिद्ध कसा करणार? आकडे बघा. 1962 ला 264 पैकी 215 जागा काँग्रेसच्या, 1967 ला 270 पैकी 203. विरोधी पक्षनेते शेकापचे कृष्णराव धुळप, आणि त्यांच्या पक्षाचे आमदार विशीच्या आत. रजनी कोठारींनी 1964 च्या लेखात अशा रचनेला ‘काँग्रेस व्यवस्था’ म्हटलं: निवडणुका खुल्या, पण खरी चुरस पक्षाच्या पोटात. अशा सभागृहात विरोधकाला दहा मिनिटं जास्त दिली तर सरकारचं काय बिघडतं? उदारपणा इथे स्वस्त असतो. शिवाय पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली 1985 मध्ये. आमदार अपात्र ठरवून सरकारचं भवितव्य हातात घ्यायची वेळ भारदे यांच्यावर आलीच नाही. मग आजच्या अध्यक्षांशेजारी उभं करून त्यांना मोठं ठरवणं हा जरा सोपा मार्ग झाला.

त्यापेक्षा 1964 कडे जा. जांबुवंतराव धोटे यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट फेकला आणि सभागृहाने त्यांची आमदारकीच काढून घेतली. किस्सा म्हणून हे सगळेच सांगतात. पण आमदार काढला की त्याच्या मतदारांचा आवाजही जातो, तोही दोनशेवर आमदार असलेल्या पक्षाच्या बळावर. (याच धोट्यांना 1971 मध्ये नागपूरने लोकसभेवर पाठवलं.) म्हणून तुम्ही विचारा: त्या दिवशी आधी कुणाला किती बोलू दिलं? ठराव कुणी मांडला? त्यावर चर्चा किती झाली, विरोधात कोण उभं राहिलं, आणि ज्यांच्यावर हल्ला झाला ते अध्यक्ष स्वतः काय बोलले?

हे गौरवग्रंथात शोधू नका. विधानसभेची छापील कार्यवाही काढा, आणि ठरावाच्या दिवसाच्या निदान आठवडाभर आधीपासून वाचायला घ्या.