‘अपघात की घातपात?’ : युद्धकालीन विमानदुर्घटनांच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

विमान पडले, रेल्वे घसरली किंवा कारखान्यात स्फोट झाला म्हणजे मराठी वृत्तपत्रांत एक ठरावीक मथळा हटकून येतो : ‘अपघात की घातपात?’ अनुप्रासामुळे तो कानाला गोड लागतो, आणि प्रश्नार्थक असल्यामुळे निःपक्षपातीही वाटतो. परंतु ह्या मथळ्यात वाचकापुढे दोनच दारे उघडी ठेवलेली असतात. एक तर कोणीच काही केले नाही, किंवा शत्रूने मुद्दाम केले. ह्या दोहोंमध्ये बसत नाही अशी तिसरीही एक गोष्ट घडू शकते, हे आपली रूढ परिभाषा लक्षातच घेत नाही. युद्धकाळात लष्करी विमानांना होणाऱ्या अपघातांचे वर्णन मराठीत कसे केले जाते, त्या वर्णनात काय गळते, आणि ते गळू नये अशी सोय मराठीच्या व्याकरणात आहे की नाही, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘अपघात’ आणि ‘घातपात’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘हन्’ धातूच्या कुळातले आहेत. ‘आघात’, ‘विश्वासघात’, ‘आत्मघात’ हे त्यांचे भाऊबंद होत. ह्या सर्वांत मारणारा कोणीतरी गृहीत आहे. आधुनिक मराठीने मात्र ‘अपघात’ शब्दातून मारणाऱ्याला पूर्णपणे बाहेर काढले आणि सगळा हेतू ‘घातपात’ ह्या शब्दाच्या पदरात टाकला. ह्या वाटणीने रोजच्या व्यवहाराची अडचण होत नाही. युद्धात मात्र होते, कारण युद्धात मारण्याचा हेतू सर्वत्र हजर असतो आणि चूक होते ती बहुधा कोणाला मारावयाचे ह्याविषयी.

ही अडचण काल्पनिक नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी, बालाकोटवरील हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाकिस्तानी विमाने नियंत्रणरेषेच्या रोखाने आली असता श्रीनगरच्या तळावरून उडालेले भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ व्ही-५ जातीचे हेलिकॉप्टर बडगामजवळ पडले. त्यातील सहाही जण आणि जमिनीवरील एक स्थानिक नागरिक मृत्यू पावले. वैमानिकांपैकी स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे हे नाशिकचे. गोदाकाठी त्यांच्यावर लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले, आणि महाराष्ट्राने ‘वीरमरण’, ‘हुतात्मा’, ‘शहीद’ हे आपले सर्व आदराचे शब्द त्यांना वाहिले. मृत्यूचे कारण सांगताना मात्र ‘हेलिकॉप्टर कोसळले’ ह्या दोन शब्दांपलीकडे भाषा गेली नाही. पुढे ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला : ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले होते, ती मोठी चूक होती, आणि दोन अधिकाऱ्यांवर कारवाई होत होती. दोन तारखांमध्ये सव्वासात महिन्यांचे अंतर आहे. चौकशीला वेळ लागतो, हे मान्यच. पण तेवढा काळ मराठी वाचकाला एकाच क्रियापदावर समाधान मानावे लागले, आणि ते क्रियापद परीक्षणीय आहे.

‘कोसळणे’ हे क्रियापद मराठीत दरडीसाठी, भिंतीसाठी, मुसळधार पावसासाठी वापरले जाते. दरड कोसळते ती आपल्या भाराने. पाऊस कोसळतो तो निसर्गाच्या नियमाने. ‘पडणे’ ह्या क्रियापदाला ‘पाडणे’ हा सकर्मक जोडीदार आहे. ‘फुटणे’ला ‘फोडणे’, ‘तुटणे’ला ‘तोडणे’, ‘सुटणे’ला ‘सोडणे’, ‘मरणे’ला ‘मारणे’. ‘कोसळणे’ला असा रोजच्या वापरातला जोडीदार नाही. त्यामुळे ‘विमान पडले’ असे म्हटल्यावर ‘कोणी पाडले?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात सहज उभा राहतो. ‘विमान कोसळले’ असे म्हटल्यावर तो उभा राहण्यास भाषेचा आधारच मिळत नाही. ‘दुर्घटना’ आणि ‘मृत्युमुखी पडले’ ह्या शब्दयोजनांचीही हीच गत. त्या असत्य आहेत असे नव्हे. त्यांत कर्त्याची जागा रिकामी नसते. ती जागाच नसते.

ह्याला एक सांस्कृतिक कारणही असू शकेल. ‘विमान’ हा आपला शब्द यंत्रयुगाच्या फार पूर्वीचा आहे. वारकरी परंपरेत तुकोबा विमानात बसून वैकुंठाला गेले. आमच्या उदगीर-बीदर भागातील वीरशैव समाजात मृताला बसवून नेण्यासाठी सजविलेल्या वाहनासही विमान म्हणतात. दोन्ही ठिकाणी विमानाची गती ऊर्ध्व आहे. त्याच्या पडण्याची कल्पना ह्या शब्दाच्या पूर्वेतिहासात नाही. विसाव्या शतकात यंत्राला ते नाव दिल्यावर त्याच्या पतनासाठी आपण दरडीचे आणि भिंतीचे क्रियापद उसने घेतले. हे अनुमान आहे, आणि तेवढेच त्याचे मोल धरावे.

विमान पडण्याचे प्रकार वस्तुतः निरनिराळे असतात. २७ मे १९९९ ह्या एकाच दिवशी कारगिलच्या आघाडीवर हवाई दलाने दोन विमाने गमावली. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांच्या मिग-२७ चे इंजिन उड्डाणातच बंद पडले. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ शत्रूच्या क्षेपणास्त्राने पाडले. पहिल्या ठिकाणी ‘पडले’ योग्य, दुसऱ्या ठिकाणी ‘पाडले’. बडगामची घटना ह्या दोहोंहून वेगळी, आणि अशा घटना युद्धेतिहासात थोड्या नाहीत. इटलीचा हवाई सेनानी इतालो बाल्बो याचे विमान २८ जून १९४० रोजी तोब्रुक येथे इटलीच्याच तोफांनी पाडले. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीवर छत्रीधारी सैनिक घेऊन गेलेल्या १४४ अमेरिकी विमानांपैकी २३ विमाने दोस्तांच्याच तोफांना बळी पडली. आणि केवळ ‘पडण्या’चे प्रमाणही लहान नाही : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाचे सुमारे १५,००० लोक शत्रूच्या दृष्टीसही न पडता स्वदेशातच झालेल्या विमान-अपघातांत मेले.

स्वपक्षाकडून होणाऱ्या माऱ्याला इंग्रजीत जे नाव रूढ आहे, ते ‘फ्रेंडली फायर’. त्याचे शब्दशः ‘मैत्रीपूर्ण गोळीबार’ असे भाषांतर केल्यास तो मराठीत विनोद होतो, आणि विषय विनोदाचा नाही. ‘मित्रमारा’ हा शब्द आटोपशीर आहे. पण मित्राने केलेला मारा की मित्रावर केलेला मारा, हे त्या समासावरून कळत नाही. ‘स्वकीयांचा मारा’ हे त्या मानाने स्पष्ट. तथापि नाम कोणतेही घेतले तरी मूळ प्रश्न सुटत नाही, कारण तो प्रश्न नामाचा नसून क्रियापदाचा आहे.

येथे मराठीच्या घरगुती व्याकरणाकडे वळावे लागते. पुढील तीन वाक्ये पाहावीत : ‘भांडे फुटले.’ ‘मी भांडे फोडले.’ ‘माझ्या हातून भांडे फुटले.’ पहिल्यात कर्ता नाही. दुसऱ्यात कर्ताही आहे आणि हेतूही सूचित होतो. तिसऱ्या वाक्यात क्रियापद अकर्मकच राहते, परंतु माणूस नाहीसा होत नाही. ‘ऊन’ ह्या पंचमीच्या प्रत्ययाने तो वाक्यात हजर राहतो. कृत्य माझे, हेतू माझा नव्हे, हा भेद ही रचना एका शब्दात सांगते. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत सकर्मक-अकर्मकाचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. शिवाय ‘हातून’चा प्रयोग कोणत्याही शाळेत न गेलेली आजीसुद्धा अचूक करते. ‘अपघात की घातपात?’ ह्या प्रश्नाला जे तिसरे दार नाही, ते आपल्या स्वयंपाकघरातील भाषेत केव्हापासूनच उघडे आहे.

मात्र ह्या रचनेचा वापर जपून करावा लागेल. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या हद्दीत जाऊन पडले. तेथे ‘क्षेपणास्त्र चुकून सुटले’ असे म्हणणे शक्य होते, कारण ते सोडण्याचा हेतूच नव्हता. तरीही चौकशीअंती कार्यपद्धतीचा भंग आढळून ऑगस्ट २०२२ मध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले. म्हणजे ‘सुटले’ ह्या अकर्मक रूपामागेही जबाबदार माणसे होतीच. बडगामला तर ‘सुटले’ म्हणताच येणार नाही. तेथे क्षेपणास्त्र जाणूनबुजून सोडलेले होते. चूक झाली ती समोरचे हेलिकॉप्टर आपले की परके हे ओळखण्यात. म्हणून प्रामाणिक मराठी वाक्य तीन पायऱ्यांचे होईल : क्षेपणास्त्र आम्ही सोडले, ओळखण्यात आमच्या हातून चूक झाली, त्यामुळे हेलिकॉप्टर पडले. पहिल्या पायरीवर सकर्मक क्रियापद, दुसरीवर ‘हातून’, तिसरीवर अकर्मक. ही तिन्ही रूपे मराठीत सिद्ध आहेत. ‘कोसळले’ हा एकच शब्द त्या तिहींची जागा घेतो, आणि पहिल्या दोन पायऱ्या पुसून टाकतो.

ह्यावर आक्षेप असा येईल की, युद्धकाळात सर्व काही सांगता येत नाही, आणि सैन्याचे मनोधैर्य राखावे लागते. पहिले म्हणणे मान्य आहे. परंतु जे सांगता येत नाही ते ‘चौकशी चालू आहे’ असे म्हणून राखून ठेवता येते. त्यासाठी दरडीचे क्रियापद लागत नाही. दुसरे म्हणणे अधिक तपासून घ्यावे. स्वकीयांच्या माऱ्याने मृत्यू आला असता वीराच्या वीरत्वाला उणेपणा येतो, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. हे गृहीत मराठी भाषेला मान्य नाही. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. ती आहुती कोणाच्या अग्नीत पडली ह्यावर तो शब्द अवलंबून नाही. कामगिरीवर निघालेला वैमानिक ज्या क्षणी उडाला त्याच क्षणी त्याने आपले देणे दिलेले असते. उलट, मृत्यूचे कारण झाकल्याने त्याच्या कुटुंबाला आदर मिळतो पण उत्तर मिळत नाही. आणि जमिनीवर मेलेल्या त्या सातव्या माणसाला तर आदराचाही शब्द मिळाला नाही. ‘सहा जवान आणि एक नागरिक’ ह्या ठरीव गणतीत त्याच्या वाट्याला फक्त ‘आणि’ आले.

‘हातून’ ह्या रचनेची शेवटची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ‘माझ्या हातून’ ही कबुली आहे. ‘त्याच्या हातून’ हे पुष्कळदा दुसऱ्याने दिलेले क्षमापत्र ठरते. ती क्षमा वार्ताहराने परस्पर द्यावयाची नसते. म्हणून ‘आमच्या हातून’ हे शब्द ज्याने अस्त्र सोडले त्याच्या संस्थेने उच्चारावेत, आणि वृत्तलेखकाने ते तिच्याच तोंडी ठेवावेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलाने अशी कबुली उघडपणे दिली, ही गोष्ट त्याला भूषणावह आहे. मराठी वृत्तलेखनाने आणि आपल्या परिभाषाकारांनी तिच्यापासून बोध घ्यावयाचा तो इतकाच की, सत्य आणि करुणा ह्यांपैकी एकच निवडण्याची पाळी मराठी व्याकरणाने आपल्यावर आणलेली नाही. ती आणली आहे आपण पत्करलेल्या मथळ्यांनी, आणि मथळे बदलता येतात.