बालसंरक्षणाच्या निर्णयप्रक्रियेतील कुटुंबाचा सहभाग : वडवणी तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
बालकाचे हित कशात आहे हे कोणी ठरवावे, हा बालसंरक्षणविचारातील मूलभूत प्रश्न होय. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्ये बालकाचा सहभाग, त्याचे सर्वोत्तम हित, कौटुंबिक जबाबदारी आणि 'संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय' ही तत्त्वे नमूद आहेत. ऊसतोड कामगारांच्या वडवणी तालुक्यात ती कितपत उतरू शकतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

तत्त्व आणि कार्यपद्धती :
कलम ३६ नुसार सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित आहे. परिविक्षा अधिकारी गृहचौकशी करून अहवाल देतो व बालकल्याण समिती निर्णय घेते. यात कुटुंब माहिती पुरविते. परंतु त्याने एकत्र बसून पर्याय सुचवावेत, असा स्वतंत्र टप्पा अधिनियमात नाही. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने तो निर्माण केला. तेथे आप्तस्वकीय प्रथम आपसांत विचारविनिमय करून योजना मांडतात आणि मग तिच्यावर शासकीय यंत्रणेची संमती घेतली जाते.

स्थलांतराचा संदर्भ :
दसरा-दिवाळीच्या सुमारास 'कोयता', म्हणजे पती-पत्नीची जोडी, मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याकडे निघतो व उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. या काळातील गृहचौकशीत अधिकाऱ्यास बहुधा आजी भेटते. मूल प्रत्यक्षात तीच सांभाळते. निर्णयप्रक्रियेत मात्र तिचे स्थान साक्षीदाराचे राहते. हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना (८२ वसतिगृहे) स्वागतार्हच आहेत. तथापि मूल फडावर जाणार, आजीजवळ राहणार की वसतिगृहात, हे उचल घेतानाच घरात ठरते. त्या क्षणी कोणतीही यंत्रणा तेथे नसते.

एक आक्षेप :
कुटुंबच बालकाच्या हिताआड येत असेल तर काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाला होता. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के आहे. विवाहाचा धोका असलेल्या व त्यास पालकच जबाबदार ठरण्याची शक्यता असलेल्या बालिकेस अधिनियमानेही संरक्षणाची गरज असलेले बालक मानले आहे. भावकीच्या बैठकीत अशा मुलीचा आवाज दबणे सहज शक्य आहे. म्हणून आक्षेप ग्राह्य आहे. परंतु त्यातून कुटुंबाला वगळण्याचे समर्थन होत नाही. वयात येणारी मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही पालकांची विवंचना केवळ गुन्हा नोंदवून संपत नाही.

निष्कर्ष :
१) ग्राम बाल संरक्षण समितीची कुटुंबांसमवेत बैठक स्थलांतरापूर्वी व्हावी.
२) आजी-आजोबांचे म्हणणे अहवालात स्वतंत्रपणे नोंदविले जावे.
३) मुलीचे मत कुटुंबाच्या अनुपस्थितीत, आधी घेतले जावे.
४) अंतिम निर्णयाचा अधिकार समितीकडेच राहावा.

सहभाग म्हणजे आदेशाखालील पालकांची स्वाक्षरी नव्हे. निर्णयापूर्वी त्यांना ऐकून घेणे आणि तो पाळण्यास लागणारे बळ देणे, हाच त्याचा खरा अर्थ होय.